पार्वोनंतरचं घर आणि नवं पिल्लू

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉर पिल्लाला सहाव्या आणि नवव्या आठवड्यात लस दिली होती. तरी अकराव्या आठवड्यात पार्वो (कुत्र्यांच्या आतड्याचा विषाणूजन्य आजार) होऊन ते गेलं. लस बनावट होती का? घर दोनदा फिनाईलनं पुसलंय. महिन्याभरात दुसरं पिल्लू आणलं तर चालेल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लसीवर लगेच संशय घेऊ नका. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. ती ओसरताना मधे काही दिवस असे येतात, की रोग अडवायला ती पुरत नाहीत, पण लस हाणून पाडायला पुरतात. हे दिवस प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणूनच 6 ते 8 आठवड्यांपासून दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. ‘दोन झाले, बास’ म्हणून राहतो तो नेमका हाच.

फिनाईल आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर पार्वोवर विसंबण्यासारखं नाही. या विषाणूला ती विरघळवतील असं स्निग्ध आवरणच नसतं. 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (साधं लिक्विड ब्लीच) 1 लिटर पाण्यात 30 मिली घ्या. आधी साबणानं घाण पूर्ण काढा, कारण विष्ठा-मातीत ब्लीच वाया जातं. मग फरशी या द्रावणानं पुसून किमान 10 मिनिटं ओली राहू द्या. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. गादी आणि कापडी खेळणी टाकून द्या, स्टीलची भांडी याच द्रावणात भिजवा.

अंगणाची माती मात्र अशी शुद्ध होत नाही. सावलीच्या, ओलसर जागेत विषाणू कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. तेव्हा महिन्याभरात लहान पिल्लू नको. 16 आठवड्यांनंतरचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेला कुत्रा आणा.

प्रश्न : पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होताहेत, पण विष्ठेची पार्वोसाठीची किट टेस्ट निगेटिव्ह आली. ओआरएस आणि दहीभातावर दोन दिवस काढावेत का?

उत्तर : नाही, आजच दवाखान्यात न्या. अगदी सुरुवातीला किंवा उशिरा केलेली किट टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. (उलट, नुकत्याच दिलेल्या लसीमुळे काही दिवस पॉझिटिव्हही दिसते.) सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या, पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील तर पार्वोचा संशय बळावतो. विषाणू आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा (जिथं रक्तपेशी तयार होतात) दोन्हीवर घाला घालतो. फाटक्या अस्तरातून जिवाणू रक्तात शिरतात आणि लढायला पेशी नसतात, म्हणून विषाणूजन्य आजार असूनही अँटिबायोटिक द्यावं लागतं. उलटी करणाऱ्या पिल्लाच्या पोटात ओआरएस टिकत नाही, सिरिंजनं बळेच पाजलं तर फुफ्फुसात जाऊ शकतं. शिरेतून सलाईन आणि उलटी थांबवणारं इंजेक्शन हाच खरा आधार. माणसांची जुलाब बंद करणारी गोळी देऊ नका. उलटी आटोक्यात आली की पचायला हलकं अन्न चमचा-चमचा लगेच सुरू करा. दिवसेंदिवस उपाशी ठेवायची जुनी पद्धत आतड्याला मारकच ठरते.

प्रश्न : घरातल्या लहान मुलांना याची लागण होते का?

उत्तर : नाही. पण मांजर असेल तर तिची पॅनल्युकोपेनियाची (मांजरांमधला पार्वोसारखा आजार) लस झालीय का पाहा. कुत्र्यांच्या पार्वोचे हल्लीचे प्रकार मांजरांनाही होतात.