पोराला बेडकाच पडत नाही, मग टीबी कळणार कसा?

प्रश्न: डॉक्टर, मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन वर्षांची एक मुलगी आहे, तिचं वजन गेले चार महिने 10 किलो 200 ग्रॅमवर अडकलंय, आहार देतोय, अंडी देतोय, तरी काटा हलत नाही. संध्याकाळी अंग कोमट लागतं, खोकला जाऊन येऊन असतोच. तिच्या आज्याला याच वर्षी टीबीची औषधं सुरू झालीत. दवाखान्यात नेली तर थुंकीची डबी हातात दिली, एवढीशी पोर काय थुंकणार, नुसती लाळ पडली, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि टॉनिक देऊन परत पाठवलं. आता आई म्हणते रिपोर्टमध्ये काही नाही तर कशाला फिरवता. काय करू?

उत्तर: ताई, सोडू नका हिला. तुमच्याकडे आत्ता जे आहे ना, घरात टीबीचा माणूस, चार महिने न वाढलेलं वजन, ताप आणि खोकला, ते त्या डबीतल्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतंय. लहान पोरांच्या टीबीत मुळात जंतूच कमी असतात आणि पोरं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, त्यामुळे लाळ तपासून निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही असं होत नाही, तपासणीच झाली नाही असं समजा.

आता तो गिळलेला बेडका जातो कुठे, तर पोटात. म्हणून पोरीला रात्रभर उपाशी ठेवून पहाटे, ती उठून काही खायच्या प्यायच्या आत नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि ते सीबीनॅट मशीनवर, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनवर लावतात. नळी बघून आई घाबरते, साहजिक आहे, पण काम काही मिनिटांचं असतं, तुम्ही शेजारी थांबलात तर तिला धीर येईल. आणि तोच बेडका पुढे शौचातून बाहेर पडतो, त्यामुळे शौचाचा नमुनाही सीबीनॅटवर तपासता येतो, जागतिक आरोग्य संघटनेने याला मान्यता दिलेली आहे. सगळीकडे ही सोय नाही, पण विचारा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सोबत छातीचा एक्स-रे, जमलं तर समोरून आणि बाजूने दोन्ही, कारण पोरांच्या छातीतल्या सुजलेल्या गाठी कधी कधी बाजूच्या फोटोतच दिसतात. त्वचेत सुई देऊन करतात ती मांटू टेस्टही होईल, पण ती पॉझिटिव्ह आली तर जंतू शरीरात शिरलाय एवढंच कळतं, आजार आहे की नाही ते बाकीच्या गोष्टींवरून ठरतं.

आणि समजा हे सगळं करूनही जंतू सापडला नाही, तरी लक्षणं, एक्स-रे आणि घरातला रुग्ण बघून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. 2022 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी गुण देऊन निर्णय घ्यायची पद्धतच दिलीय, जिथे एक्स-रेसुद्धा नाही तिथल्यासाठी वेगळी. तुम्ही एक करा, त्या मुलीच्या वाढीच्या तक्त्याचा फोटो किंवा पोषण ट्रॅकरमधली (अंगणवाडीच्या ॲपमधली) चार महिन्यांची वजनं आणि आज्याचा निक्षय नंबर (टीबी रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा) एका कागदावर लिहून बालरोगतज्ज्ञ असतील अशा रुग्णालयात, म्हणजे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. डॉक्टरसमोर "पोर बारीक आहे" म्हणण्यापेक्षा "चार महिन्यांत एक ग्रॅम वाढली नाही आणि आजा टीबीचा पेशंट आहे" हे म्हणा, फरक पडतो. मधल्या काळात कुणी लिव्होफ्लॉक्ससिनसारखं अँटिबायोटिक औषध देत असेल तर घेऊ नका, त्याने टीबी थोडा दबतो आणि निदान अजून लांबतं. पोर सुस्त पडली, सारख्या उलट्या, झटके किंवा मान ताठ झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता 108 बोलवा, टीबी मेंदूपर्यंत गेलेला असू शकतो.

मला खरंच वाईट याचं वाटतं की जगात टीबी होणाऱ्यांपैकी साधारण 12 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात असा अंदाज आहे आणि आपल्याकडे नोंद होणाऱ्या रुग्णांत त्यांचा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास, मग बाकीची पोरं कुठं आहेत? माझ्या मते ती तुमच्या रजिस्टरमध्येच आहेत, कुपोषित म्हणून.

प्रश्न: त्याच घरात दीड वर्षाचा भाऊ आहे, अगदी खेळता. बीसीजीची लस दिलेली आहे. त्याला पण न्यायचं का?

उत्तर: हो, त्याच गाडीत. बीसीजी मेंदूच्या आणि सगळ्या अंगात पसरणाऱ्या टीबीपासून बरंच वाचवते, पण फुप्फुसाच्या टीबीची हमी देत नाही. आणि दोन वर्षांखालच्या पोरांत जंतू शिरला की आजार बहुतेक वर्षभराच्या आतच डोकं वर काढतो, म्हणून खेळतंय तरी तपासायचं. आजार नाही अशी खात्री झाली की टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध सुरू करतात, ते फुकट मिळतं आणि वजनावर ठरतं. इथं घरचे हमखास अडतात, "चांगल्या पोराला गोळ्या कशाला", तेव्हा आज्यालाच बोलायला लावा, त्याने खोकून काढलेले दिवस घरातल्यांनी बघितलेत. आणि आजा ज्या खोलीत झोपतो तिथली खिडकी उघडी राहूद्या, पोरांचं अंथरूण सध्या वेगळं करा.

प्रश्न: औषधं सुरू झाली आणि दिवाळीनंतर घरचे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले तर?

उत्तर: जाणारच आहेत, ते धरूनच चाला. निघायच्या आधी टीबी सुपरवायझरला सांगून निक्षयवर ट्रान्सफर टाकून घ्या, नंबर तोच राहतो, औषध तिकडच्या सरकारी केंद्रात मिळतं. जाताना महिनाभराच्या गोळ्या सोबत मागून घ्या, पोरांच्या गोळ्या पाण्यात विरघळतात, आईला एकदा तुमच्यासमोर विरघळवून पाजायला लावा. लघवी केशरी होईल हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून तिथंच बंद करतात. पोषणाचे महिन्याला 1000 रुपये मिळतात (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते), त्यासाठी आईचं बँक खातं जोडलंय का ते निघायच्या आधी बघा. तिकडे काही अडलं तर 1800-11-6666 हा फुकटचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या, आणि भट्टीवरच्या मुकादमाचा नंबर तुमच्याकडे घेऊन ठेवा.