परतीची गाडी आधी ठरव

प्रिय,

गणित दिनाच्या कार्यक्रमाला एकटी जाऊ का, असं तू विचारलं आहेस. जा.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण नाशकात जेल रोडहून पार गंगापूर रोडला एकटीने जायचं म्हटल्यावर तुझ्या घरी काय चर्चा चालू असेल, ते मला इथे बसून ऐकू येतंय. आई म्हणत असेल, दादा सोडेल. दादा म्हणत असेल, रविवारी सकाळी माझी मॅच आहे. बाबा म्हणत असतील, एवढं लांब कशाला, यूट्यूबवर येईलच की. आणि या सगळ्यांचा वाद एकाच गोष्टीवर: जायचं कसं?

जायचं कसं ते सोपं आहे. सकाळी ऊन असतं, पोटात नाश्ता असतो, फोन पूर्ण चार्ज असतो. तू आधी परत कशी येणार ते ठरव. मग बाकीचं आपोआप जुळतं.

कारण सांगते. पत्रिकेवर कार्यक्रम साडेपाचला संपणार असं छापलंय. तो साडेपाचला संपणार नाही. दीपप्रज्वलन होईल, शाल-श्रीफळ होईल, पाहुण्यांचा परिचय करून देणारे पाहुण्यांपेक्षा जास्त बोलतील. पहिलं व्याख्यान अर्धा तास उशिरा सुरू झालं की शेवटचंही तेवढंच सरकतं. म्हणजे सहा. गणितज्ञ रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबरचा, म्हणून गणित दिन तेव्हा येतो आणि नेमके तेच वर्षातले सगळ्यात लहान दिवस. सहाला नाशकात सूर्य मावळतीला टेकलेला असतो आणि गारठा पडायला लागतो. आणि या कार्यक्रमातला सगळ्यात कामाचा भाग सुरू होतो तो त्यानंतर, चहाच्या वेळी.

मी इतकी वर्षं मुलांना घेऊन अशा कार्यक्रमांना जाते, त्यातून माझं एक ठाम मत झालंय. व्याख्यान म्हणजे निम्मा कार्यक्रम. उरलेला निम्मा हातात कागदी कप घेऊन उभ्याउभ्या होतो. मंचावर जपून बोलणारे सर चहाच्या टेबलापाशी मोकळे होतात. फळ्यावर जे सोडून दिलं होतं ते पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवतात. बीएस्सीची एखादी ताई कुठली पुस्तकं वाचावीत, कुठल्या शिबिराला अर्ज करावा ते सांगते. हे माईकवरून कोणी सांगत नाही. आणि त्या वेळेला आमची शाळेची मुलं कुठे असतात? गेटबाहेर. गाडीवाले काका हॉर्न वाजवत असतात, एकाचे बाबा मिस कॉलवर मिस कॉल देत असतात, आणि एक निघाला की सगळे निघतात. गटाने आलेल्या मुलांना थांबता येत नाही. तुला येईल. एकटीने जाण्याचा खरा फायदा हा आहे, आणि परतीची सोय आधी केली नसेल तर तोच वाया जातो.

म्हणून घरी साडेपाच सांगू नकोस. आठपर्यंत घरी येईन असं सांग आणि साडेसातला पोच. पुष्कळ मुली पत्रिकेवरची वेळ घरी सांगून मोकळ्या होतात, पावणेसहापासून फोन वाजायला लागतो आणि मग चहा न घेताच पळावं लागतं. आईला काळजी उशिराची नसते. सांगितलेली वेळ टळली की तिच्या जिवाला घोर लागतो. दर अर्ध्या तासाने फोन करायचं कबूल करू नकोस, ते जमणार नाही आणि एक चुकला की गोंधळ. चार मेसेज पुरेत: गाडीत बसले, पोचले, निघाले, सीबीएसहून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाहून, गाडी मिळाली. पण ते चार मात्र चुकवायचे नाहीत.

दादाला गंगापूर रोडला बोलवायचं नाही. त्याला नाशिकरोडच्या बिटको चौकात उभा कर. शहर तू पार करायचं, अंधारातला जेल रोडचा शेवटचा टप्पा त्याच्या गाडीवर. ही तडजोड आईलाही पटेल आणि दादाचीही मॅच बुडणार नाही. शिवाय एक पर्याय हाताशी ठेव. तुझी आत्या कॅनडा कॉर्नरला राहते ना? तिला आदल्या दिवशी फोन करून ठेव, की काही अडलं तर मी तुझ्याकडे येऊन बसेन. वाहकांच्या संपामुळे शहर बस ऐनवेळी बंद पडल्याचं नाशिककरांनी पाहिलंय. अशा वेळी रस्त्यावर उभं राहून विचार करण्यापेक्षा आत्याच्या स्वयंपाकघरात बसून करावा.

आता जाण्याचं. नाशिकरोड ते सीबीएस नऊ-दहा किलोमीटर. उपनगर, गांधीनगर मागे पडलं की द्वारका चौक. द्वारकेला किती वेळ जाईल हे नाशकात कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. रविवार आहे म्हणून मोकळं असेल असंही समजू नकोस, लग्नसराई आहे. त्यातून सिंहस्थ जवळ आला की रस्त्यांची कामं निघतातच. एक तास पुष्कळ झाला असं वाटेल, तू दीड तास धर.

आईच्या आठवणीतली शहर बस एसटीची आहे. जुलै २०२१ पासून ती महापालिकेची सिटीलिंक झाली, तेव्हा आईने सांगितलेल्या जुन्या मार्गांवर विसंबू नकोस. थेट गाडी मिळाली तर छानच, नाहीतर सीबीएसला बदल. दुसरी गाडी तिथेच, त्याच थांब्यावर मिळेल असं धरू नकोस, उतरतानाच कंडक्टरला विचार. आणि कोणाला विचारताना नुसतं ‘स्टँड’ म्हणू नकोस. सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा स्टँड ही एकमेकांच्या जवळ आहेत, पण महामार्ग स्टँड मुंबई नाक्याला, आणि निमाणी तर पंचवटीत. भलत्या ठिकाणी पोचवायला लोकांना काही वाटत नाही. बिचारे मदतच करत असतात.

दुसरा घोळ पत्त्याचा. ‘गंगापूर रोड’ हा पत्ता नव्हे. अशोक स्तंभापासून जो रस्ता निघतो तो गंगापूर नाका, जेहान सर्कल करत आनंदवलीच्याही पुढे जातो. त्याला जवळजवळ समांतर कॉलेज रोड, आणि दोन्हीकडे कॉलेजं. आयोजकांना फोन करून जवळची खूण विचार: कुठला चौक, समोर काय आहे. नकाशावर जागा बघून ठेव आणि त्याचा स्क्रीनशॉट घे. ऐनवेळी नेट जातं.

शेअर रिक्षाने गेलीस तरी माझी हरकत नाही. बिटकोला ‘शालिमार, सीबीएस’ ओरडत उभ्या असतातच. मात्र सीट भरेपर्यंत ती हलत नाही हे वेळेत धर, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं नाही, जागा तेवढीच उरली असेल तर पुढची रिक्षा. बसायच्या आधी भाडं विचार. परतताना एकटीसाठी रिक्षा करावी लागली तर नंबरचा फोटो काढून आईला पाठव. लपून नाही, ड्रायव्हरला दिसेल असा. सज्जन माणूस त्याने रागावत नाही. बसमध्ये कंडक्टरच्या जवळपास बस. कोणी खेटायला लागलं तर कुजबुजू नकोस, मोठ्याने बोल. नाशिकच्या बसमधल्या बायका पुढचं बघून घेतात. आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर पाठ असू दे.

शक्य असेल तर आदल्या आठवड्यात दादाला घेऊन एकदा बसनेच जाऊन ये. अट अशी की तिकीट तू काढायचं, थांबा तू ओळखायचा, त्याने मागच्या सीटवर तोंड मिटून बसायचं. त्याला हे जड जाईल.

प्रवासात फोनमध्ये डोकं घालू नकोस. हे सगळेच सांगतात, मी मात्र बॅटरी वाचवण्यासाठी सांगतेय. त्यापेक्षा वही काढ. आपल्या शेजारच्या देवळालीला १९३० ते १९६२ एक शाळामास्तर शिकवत होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. डेम्लो हे मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका रेल्वे स्टेशनचं तेव्हाचं नाव, त्यांना ती कल्पना सुचली ते ठिकाण. त्यांच्या खिशात फोन असता तर काय झालं असतं कोण जाणे. आपल्याकडच्या पंडितांनी त्यांचं काम फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली अमेरिकेत गणितावर सोपं लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं.

त्यांचा ६१७४ तुला शाळेत दाखवला होता, आठवतो का? सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घे. अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलीस तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच येते. तीन अंकी घेतलीस तर ४९५ वर येऊन थांबते. आता बसमध्ये दोन अंकी घेऊन बघ. ती थांबत नाही, गोल फिरत राहते. का? पत्रिकेत दुसरं व्याख्यान संख्या सिद्धांतावर आहे. हा प्रश्न वहीत नीट लिहून ने, तुझ्या हाताने केलेल्या आकडेमोडीसकट.

सभागृहात विचारायचा धीर झाला तर उत्तम, नाही झाला तर बिघडत नाही. चहाच्या वेळी जा. आधी सेल्फी मागू नकोस. ‘सर, मी हे करून बघितलं, इथे अडले’ म्हण आणि वही पुढे कर. जेईईची तयारी कशी करू, हा प्रश्न तिथे चारजण विचारतीलच, तुझी गरज नाही. त्यांनी काही सांगितलं तर तिथल्या तिथे लिही. बसमध्ये बसेपर्यंत निम्मं विसरतं.

सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी मोठ्या कॉलेजांचे घोळके असतील, एकसारखे टी-शर्ट, आपापसात हसणं. तिथे पंधरा मिनिटं तुला अवघड वाटेल. जेवणाच्या रांगेत पुन्हा वाटेल. तेव्हा एकटी बसलेली दुसरी कोणीतरी शोध, ती हमखास असते, बहुतेक सिन्नर नाहीतर दिंडोरीहून आलेली. बसायला तिसरी रांग, कडेची खुर्ची.

शंभर-दोनशे रुपये सुटे ठेव, यूपीआयच्या भरवशावर राहू नकोस. आईचा आणि आत्याचा नंबर कागदावर लिहून दप्तराच्या आतल्या कप्प्यात. स्वेटर सकाळी लागतो म्हणून नाही, संध्याकाळी लागतो म्हणून घे.

सोमवारी फोन कर. व्याख्यानाचा गोषवारा नको, चहाच्या वेळी काय बोलणं झालं तेवढं सांग. आणि दोन अंकांचं तुझं तुलाच सुटलं तर सोमवारपर्यंत थांबू नकोस, त्याच रात्री कळव.

तुझ्या मॅडम

ता. क. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घाल. गेटवरचा वॉचमन पत्रिका बघत नाही, ओळखपत्र बघतो.