बटाट्याचे डोनट: पाणी कुठे मुरतंय?

गेल्या अंकातल्या बटाटा-डोनटवर बरीच पत्रं आली. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच निघालं, म्हणून प्रमाण पुन्हा देतो: मैदा ४०० ग्रॅम, उकडून कुस्करलेला बटाटा १५० ग्रॅम, कोमट दूध १३० मिली, साखर ४५ ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम. साधारण १५ डोनट होतात. अंडं घालायचं असेल तर एक घाला आणि दूध ४० मिलीने कमी करा.

पीठ इतकं चिकट झालं की पोळपाट सोडेना. वाटीभर मैदा वरून घातला, तर डोनट दगड झाले. बटाटे सोलून, फोडी करून, कुकरला तीन शिट्ट्या घेतल्या होत्या. (लालबाग)

पाणी मुरलं ते कुकरमध्येच. सोललेल्या फोडी पाण्यात शिजवल्या की पाणी पितात. सुरुवातीला गोळा ठीक वाटतो, पण मळताना ते पाणी सुटत जातं आणि दहा मिनिटांनी पीठ हाताला लागायला लागतं. बटाटा अख्खा, सालीसकट, डब्यात पाणी न घालता वाफवा. गरम असतानाच सोला, दोन भाग करून ताटात पसरा. कापलेल्या बाजूची ओली चमक जाऊन ती पिठूळ दिसायला पाच-सात मिनिटं लागतात. मग पुरणयंत्राची बारीक जाळी लावून काढा. याहून चांगलं साधन नाही. मिक्सर मात्र अजिबात नको. पात्यांनी पेशी फाटून स्टार्च बाहेर येतो आणि बटाट्याची खळ होते.

१५० ग्रॅम हे वजन कुस्करल्यानंतरचं आहे, कच्च्या बटाट्याचं नाही. बटाटा पूर्ण गार झाल्यावरच मैद्यात मिसळा, नाहीतर त्याच्या उष्णतेनं यीस्ट मरतं. दुधातलं ३० मिली मागे ठेवा आणि लागलं तरच घाला. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत मैदा आधीच दमट असतो, बऱ्याचदा ते लागतच नाही. बाजारात अंगठ्यानं घासून साल सुटते असा नवा बटाटा घेऊ नका, त्यात पाणी जास्त असतं. जुना, जाड सालीचा बरा.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैलच राहणार, त्याला घाबरू नका. चिकटलं तर मैदा नको. हाताला तेल लावून आठ-दहा मिनिटं मळा, तरीही ऐकलं नाही तर झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. गार पीठ मुकाट्यानं लाटलं जातं.

मुळात डोनटमध्ये बटाटा कशाला? चव लागते का? (विलेपार्ले)

चव लागत नाही, मऊपणा लागतो. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून नुसत्या मैद्याचा डोनट संध्याकाळी चिवट होतो, तर हा दुसऱ्या सकाळीही दाबला की दबतो. कल्पना जुनी आहे: अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पेल्टन बंधूंनी १९४० मध्ये ‘स्पडनट’ नावानं असे डोनट विकायला सुरुवात केली. पावात वडा घालून खाणाऱ्या मुंबईकराला पावाच्या पिठातच बटाटा घालणं परकं वाटू नये. पण हाव नको. बटाटा २०० ग्रॅमच्या पुढे गेला की मैद्याचा ताण कमी पडतो, डोनट फुगतो आणि तेलाबाहेर येताच बसतो.

बाहेरून काळपट, आतून कच्चे. (मुलुंड)

तेल फार तापलं. बटाटा, दूध आणि साखर असलेलं पीठ लवकर रंग धरतं. बटाटे बरेच दिवस फ्रीजमध्ये असतील तर आणखी लवकर, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तेल १७० ते १७५ अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर मधून कापलेली छोटी गोळी आधी सोडा. मिनिटभरात खालची बाजू बिस्किटी झाली तर तेल बरोबर. वीस सेकंदांतच तांबूस झाली तर गॅस कमी करून थांबा. लाटी एक सेंटीमीटर जाड, प्रत्येक बाजू मिनिट-सव्वा मिनिट, उलटायचं एकदाच.

तळलेल्या डोनटच्या कमरेभोवती फिकट पट्टा दिसतो का, तेही बघा. पट्टा दिसला म्हणजे तो हलका होऊन वर तरंगला. नसेल तर पीठ पुरतं फुगलं नव्हतं, जड होऊन तेलात खोल बसलं, आणि आत कच्चं राहिलं.

तेल फार पितात. (बोरिवली)

एका वेळी किती सोडता? लिटरभर तेलात तीनच, नाहीतर तेल गार पडतं. दुसरं कारण जास्त फुगणं. कापल्यानंतर मे महिन्यात ३०-३५ मिनिटं पुरतात, जानेवारीत तास लागू शकतो. घड्याळापेक्षा बोट खरं: हलकं दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की तेलात सोडा. भरून आलाच नाही तर उशीर झाला. तिसरं, फुगलेला डोनट बोटांनी उचलला की हवा जाते, सुरकुत्या पडतात आणि त्यांत तेल साठतं. कापतानाच प्रत्येकाखाली बटरपेपरचा चौकोन ठेवा, कागदासकट तेलात सोडा. कागद सुटला की चिमट्यानं काढून घ्या.

उपवासाला चालतील का? (गिरगाव)

नाही हो. मैदा आहे.

साखर पाझरून डोनट ओले होतात. (दादर)

कढईतून काढल्या काढल्या घोळवता म्हणून. जाळीवर ठेवा आणि कोमट झाले की घोळवा. घरी दळलेल्या १०० ग्रॅम पिठीसाखरेत चमचाभर कॉर्नफ्लोर मिसळलं तर ती उशिरा ओलावते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र खायच्या वेळीच साखर लावा. उरलेले डोनट, साखर न लावता, घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा. फ्रीजमध्ये स्टार्च लवकर कडक होतो. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये १०-१२ सेकंद, किंवा मंद तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं.