कायरोप्रॅक्टरने बीपी-तंबाखूची चौकशी करावी का, का फक्त मणका बघावा?

तुम्ही विचारलंय की कंबरेसाठी गेलेल्या पेशंटला कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने झटके देऊन मणक्यावर उपचार करणाऱ्याने, बीपी, तंबाखू, वजन हे विचारणं त्याच्या कामात बसतं का. बसतंच. आणि जो विचारत नाही त्याच्या हातात आपली मान देऊ नका.

आमचे आप्पा, वय 63, परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनची शेती. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन कंबर धरली, रात्री कूस बदलता येईना, म्हणून दाजी त्यांना संभाजीनगरला एका कायरोप्रॅक्टरकडे घेऊन गेले. पाच सिटिंग झाल्या. दरवेळी शर्ट काढून पालथं झोपवायचं, कटकन आवाज काढायचा, आणि चौथ्या वेळेपासून मानेला पण झटका द्यायला सुरुवात केली. पाचही वेळा दंडाला बीपीचा पट्टा लागला नाही. ओठात तंबाखूची चिमूट धरलेली समोर दिसत होती तरी त्यावर एक शब्द नाही.

पुढच्याच आठवड्यात गावात आशाताई आल्या, 30 च्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायलेत म्हणून. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, तोंडात चट्टा आहे का हे पण असतं. उपकेंद्रात नेलं तर बीपी 186/110, दुसऱ्या दिवशी परत मोजलं तरी तेवढंच. गालाच्या आतून पांढरा चट्टा निघाला, जिल्ह्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. तो रिपोर्ट येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरला नाही.

दाजींचं तेव्हापासून एकच म्हणणं, "कंबरेच्या माणसानं कंबरेचंच बघावं." मला हे पटत नाही. आपल्याकडचा शेतकरी दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही, बीपी तर दुखत नाही, मग कंबर धरली हीच एक वेळ असते त्याला कोणी विचारायची. आणि मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत, क्वचित होतं पण होतं, मग बीपी न बघता मानेला हात लावायचाच कशाला?

हे असं का, तर या शास्त्राची सुरुवातच तशी आहे. 1895 मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामरने हे सुरू केलं, बहुतेक सगळे आजार मणका सरकल्याने होतात असं तो मानायचा, लसीकरणाला तर त्याचा विरोधच होता. मणका नीट केला की सगळं नीट, मग बाकीची तपासणी कशाला, ही अढी काही जणांत अजून आहे. तिकडे आता शिक्षणात बीपी मोजणं येतं, व्यायाम-आहारावर बरेच जण बोलतात. 2017 मध्ये त्यांच्याच अमेरिकन संघटनेने सांगितलं की नव्याने धरलेल्या कंबरेचा, धोक्याची लक्षणं नसतील तर, पहिले सहा आठवडे एक्सरे काढू नका. म्हणजे नियम पाळायचे म्हणलं तर जमतंय. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची कायद्याने नेमलेली कौन्सिलच नाही, तक्रार न्यायची कुठं?

तुम्ही जाणार असाल तर आधी बीपी मोजून जा. ताप, वजन उतरणं, रात्रीचं न थांबणारं दुखणं, पायात बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही असेल तर झटका घेऊच नका, हाडाच्या डॉक्टरकडे जा. मणक्याचा टीबी आपल्या भागात कमी नाही.

सगळेच तसे असतात असं नाही, आणि आप्पांना दोन-तीन दिवस आराम पडलता हेही खरं. पण दाजी, तुम्ही हे वाचणारच, तुमचं वय 48 आणि बीपी एकदा पण मोजलेलं नाही. रविवारी गावाकडं या, आशाताई घरीच असतात, सोमवारी सकाळी उपकेंद्रात मी स्वतः घेऊन जातो.