ऑफर नवऱ्याला आली असली तरी तारखा तुमच्या बघून ठरवा

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते. नवऱ्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळ सॉफ्टवेअरची नोकरी, पगार वर्षाला ६०,००० युरो, तीन महिन्यांत रुजू व्हायचंय. तुम्ही फिजिओथेरपिस्ट, पुण्यात सहा वर्षं काम करताय. रावेतला कर्जावरचा फ्लॅट आहे. जायचं तर निदान दहा वर्षांसाठी. आणि प्रश्न असा की दोघांनी एकदमच निघावं का, आणि तुम्हाला तिथे काम मिळेल का.

काम मिळेल. एकदम निघू नका.

मी डेंटिस्ट. २०१४ साली नवऱ्याच्या मागोमाग याच शहरात आले, पाच आठवड्यांत सगळं गुंडाळून. नवऱ्याची रुजू व्हायची तारीख हीच आमची योजना होती, दुसरी काही नव्हतीच. पुढची दोन वर्षं मी स्वयंपाकघरात भाजी चिरणारी बीडीएस होते. म्हणून सल्ला देताना माझा कल कुठे आहे ते आधीच सांगितलेलं बरं.

गंमत अशी की इथला कायदा जोडीदाराला फारसं अडवत नाही. तुमच्या नवऱ्याला ब्लू कार्ड, म्हणजे चांगल्या पगाराच्या शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, मिळेल. २०२६ साठी त्याची पगाराची सर्वसाधारण अट ५०,७०० युरो आहे, तुम्ही आरामात वर आहात. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते. ऐकायला छान वाटतं, पण घात इथेच होतो. कुणी परीक्षा मागत नाही म्हणून आपण भाषेविना येतो. आणि 'कुठलीही नोकरी' यात तुमची नोकरी बसत नाही, कारण फिजिओथेरपी हा परवान्याचा व्यवसाय आहे. आयटीवाल्याला इंग्रजीवर दहा वर्षं काढता येतात. तुम्हाला गुडघा बदललेल्या आजोबांशी बोलायचंय.

तुमचा परवाना स्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेसिडियुममधून, म्हणजे विभागीय प्रशासनाच्या कार्यालयातून मिळतो. ते तुमचा अभ्यासक्रम इथल्याशी ताडून बघतात. इथे फिजिओथेरपी ही बहुतांशी पदवी नसून तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण आहे, त्यामुळे आपली साडेचार वर्षांची बीपीटी सहज पुढे जाईल असं वाटतं. तसं होत नाही. ते विषयवार तास मोजतात. मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज, मसाज अशा गोष्टींत तास कमी भरले की एकतर पूरक प्रशिक्षण करा किंवा परीक्षा द्या, असं पत्र येतं. ते पत्र म्हणजे नकार नव्हे. माझ्या ओळखीच्या एकीने ते वाचून अर्जच सोडून दिला होता, तेव्हा हे लक्षात ठेवा. वर बी-टू, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीचं जर्मन लागतं (ए-वन पहिली, बी-वन तिसरी).

म्हणून पुण्यात असतानाच विद्यापीठाकडून विषयवार तासांचा तपशील काढून घ्या. नुसत्या मार्कशीट पुरत नाहीत. थिअरी किती, प्रात्यक्षिक किती, रुग्णालयातले किती, असं लेखी आणि शिक्क्यानिशी हवं. मी हे इथून मागवलं. कॉलेजातल्या क्लार्कने सात महिने घेतले, आणि शेवटी माझ्या बाबांना तीनदा एसटीने जाऊन त्याच्या टेबलापुढे बसावं लागलं. तुम्ही स्वतः पुण्यात असाल तर हेच काम आठवड्यांत होतं. इंटर्नशिपचा दाखला आणि सहा वर्षांच्या कामाची अनुभवपत्रंही घ्या, त्यात तुम्ही काय उपचार करत होता ते लिहिलेलं असू द्या, कारण कमी पडलेले तास कामाच्या अनुभवातून भरून निघू शकतात. कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं पत्र, म्हणजे तुमच्यावर काही कारवाई नाही असा दाखला, मात्र घाईने काढू नका. माझं तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं म्हणून परत मागवावं लागलं. ते सगळ्यात शेवटी.

भाषांतरं कुठे, कुणाकडून चालतील ते त्या कार्यालयाला मेल करून विचारा आणि मगच पैसे घाला. अपोस्टिलचंही, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याचंही, तसंच. भारत अपोस्टिल देतो, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने अपोस्टिलच्या कराराला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तो शिक्का इथे चालत नाही. एजंट तरीही तो मारून आणतात आणि पैसे घेतात.

लग्नाची नोंदणी झालीय ना? मंगल कार्यालयातले फोटो आणि पत्रिका इथे कुणी बघत नाही, महापालिकेचा दाखला लागतो. त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः एक हवं. आपल्याकडे पासपोर्ट माहेरच्या नावाने, दाखला सासरच्या, आणि मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. हे जर्मन कारकुनाला समजावणं हा वेगळाच छळ आहे. माझ्या मते माहेरचं नाव आहे तसं ठेवा. पदवीही त्याच नावाची आहे, बदलाल तर प्रत्येक कागदाला शेपूट लागेल.

तर मी असं करेन. नवरा ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी जातो. तुम्ही सहा ते आठ महिने पुण्यातच राहता, नोकरी शक्य असेल तर अर्ध्या वेळेवर आणता, आणि जर्मनला लागता. बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट, जिथे बॅच मिळेल तिथे. निघताना बी-वन हातात असेल तर इथे येऊन बी-टू चार-सहा महिन्यांत होतं. कोऱ्या पाटीने आलात तर तेच दीड वर्ष जातं, वर एकटेपण वेगळं. 'लग्नाला दोनच वर्षं झालीत, वेगळं कसं राहणार' असं सासूबाई म्हणतील. आठ महिने वेगळं राहणं सोपं नाहीच. पण एकाच घरात राहून एकाने रोज सकाळी निघून जायचं आणि दुसऱ्याने संध्याकाळची वाट बघायची, हे मी केलंय, आणि त्या काळात आम्ही जितके भांडलो तितके आधी किंवा नंतर कधी भांडलो नाही.

एक इशारा. तुम्ही पुण्यात हॉखडॉइच, म्हणजे प्रमाण जर्मन शिकाल. स्टुटगार्टच्या आजीबाई श्वेबिश बोलतात. सदाशिव पेठेत मराठी शिकून थेट मालवणात उतरल्यासारखं होतं. दोन महिन्यांत कान सरावतो, घाबरू नका. काम मात्र तुम्हाला सुरुवातीला खुजं वाटेल. बहुतेक उपचार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतात, बरेचदा वीसेक मिनिटांचे. पुण्यात स्वतः तपासून ठरवायची सवय असेल तर हे टोचतं.

पैशाचं म्हणाल तर ६०,००० वर, बायको इथे असून तिची कमाई नसताना, तिसऱ्या म्हणजे अशा जोडप्यांच्या कमी कराच्या वर्गात, महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास हातात येतील. दोन खोल्यांच्या घराला गरम पाणी-हीटिंगसकट बाराशे-चौदाशे सहज जातात. इथे दोन खोल्या म्हणजे बेडरूम आणि हॉल. स्वयंपाकघर मोजत नाहीत. आणि पुष्कळदा ते नसतंही! भिंतीतून दोन नळ आणि एक तार बाहेर आलेली असते, ओटा तुम्ही आणायचा. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट, पण कायद्याने ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं. घरमालक हे आपण होऊन सांगत नाही. नवरा आधी जाऊन घर शोधतोय याचा हाही फायदा. त्याला सांगा, टपालपेटीवर तुमचंही नाव लगेच लावायचं, नाहीतर तुमच्या परवान्याचं पत्र परत जाईल. जिन्याच्या साफसफाईची पाळी, इथलं प्रसिद्ध केऽरवोखं, चुकवू नका. शेजाऱ्यांशी नातं तिथेच जुळतं किंवा तुटतं.

तुम्ही कमावत नाही तोवर सरकारी आरोग्यविम्यात नवऱ्याच्या हप्त्यावरच तुमचं नाव फुकट बसतं. खासगी विम्याचा एजंट स्वस्त आकडा दाखवेल. त्यात बायकोचा हप्ता वेगळा पडतो, आणि पुढे मुलं झाली की त्यांचाही.

रावेतचा फ्लॅट दोन वर्षं तरी विकू नका, भाड्याने द्या. पण परदेशी राहणाऱ्या मालकाला भाडं देताना भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, तोही तीस टक्क्यांच्या वर. हे आधी सांगितलं नाही तर तो वर्षाच्या शेवटी भांडतो. बचत खाती एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांची, करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं.

दहा वर्षांचं म्हणताय म्हणून एवढंच: ब्लू कार्डवर बी-वन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, ए-वनवर २७. तेव्हा नवऱ्यालाही क्लासला बसवा, त्याचं इंग्रजी ऑफिसच्या दारापर्यंतच चालतं. नागरिकत्व पाच वर्षांनी. जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही, पण भारत दोन ठेवू देत नाही. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. सासरी सातबारा असेल तर हे आत्ताच घरात बोलून घ्या. आई-वडिलांना कायमचं आणणं मार्च २०२४ नंतर आलेल्यांना कागदावर शक्य झालंय, पण साठी-सत्तरीच्या माणसाचा इथला आरोग्यविमा हीच खरी भिंत आहे. ते उन्हाळ्यात तीन महिने येतील असंच धरून चाला.

शेवटी तुम्ही मिक्सर-कुकरचं विचारलंय. मिक्सर चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिन बदला. कुकर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा आणा, ॲल्युमिनियमचा निम्म्या घरांत तापतच नाही. आणि त्याच्या चार रिंगा जास्तीच्या टाका बॅगेत.