रेडमी नोट ५ प्रो रूट केलेला आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्यावर कोणता कस्टम रॉम टाकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोन रेडमी नोट ५ प्रो, मावसभावाने रूट करून (म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार उघडून) दिलाय, कंपनीचे अपडेट अँड्रॉइड ९ वर थांबलेत, आणि यूट्यूबवर दर दुसऱ्या व्हिडिओत वेगळाच कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती, ‘सगळ्यात भारी’ ठरतो. मग नवख्याने कोणता घ्यावा, आणि ग्राफीनओएस नावाचा रॉम चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. लिनिएजओएस या रॉमच्या विकीवर तुमच्या फोनचं पान आहे. तिथे अधिकृत बिल्ड (त्या फोनसाठी तयार केलेली रॉमची फाइल) चालू दिसत असेल तर डोळे झाकून तोच टाका. चालू नसेल तर क्रड्रॉइड हा रॉम बघा, तोही लिनिएजच्याच पायावर उभा आहे. तिथेही तुमच्या फोनला वाली उरला नसेल, तर अनधिकृत बिल्डच्या वाटेला लागायचं, पण ते खाली सांगितलेली पारख जमू लागल्यावर.

‘पारख’ म्हणतोय ती रॉमच्या नावाची नव्हे, तो सांभाळणाऱ्या माणसाची. ओळखीतल्या विद्यार्थ्यांचे आणि गावाकडच्या नातेवाइकांचे जुने फोन परत वापरात आणून देण्याचं काम मी आवडीने करतो, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक नाव, वॉलपेपर आणि फीचर्सची यादी बघून रॉम निवडतात. प्रत्यक्षात एखादा रॉम शंभर फोनवर चालत असला, तरी तुमच्या मॉडेलसाठीची बिल्ड एखाद-दोन स्वयंसेवक आपल्या रिकाम्या वेळात तयार करत असतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठला घ्यायचा, कॅमेऱ्याच्या आणि मॉडेमच्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या) बंद फायली कुठल्या आवृत्तीतून उचलायच्या, महिन्याचा सुरक्षा पॅच कधी बसवायचा, हे सगळं त्यांच्या हातात असतं. त्यामुळे जो रॉम मित्राच्या पोकोवर लोण्यासारखा चालतो, तोच तुमच्या फोनवर दिवसाला दोनदा रीस्टार्ट होऊ शकतो. नाव एकच, हात वेगळे.

ही माणसं थकतात, नोकरीला लागतात, फोन बदलतात, आणि काम थांबतं. मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. सायनोजेनमॉड हा एकेकाळी या जगातला सर्वात मोठा रॉम होता. डिसेंबर २०१६ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्याच कोडवर लिनिएजओएस उभा राहिला. आपल्याकडे शाओमीच्या फोनवर घरोघरी दिसणारा पिक्सेल एक्सपीरियन्स हा रॉम २०२४ मध्ये थांबला. त्याचे जुने व्हिडिओ मात्र अजून तसेच आहेत आणि आजही लोक ते बघून तोच शोधत बसतात. म्हणून व्हिडिओ कितीही छान असो, आधी त्याची तारीख बघा. मग रॉमच्या डाउनलोड पानावर तुमच्या फोनची शेवटची बिल्ड कधीची आहे ते बघा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मी तो रॉम नवख्याला सुचवत नाही.

आता तुमच्या फोनबद्दल. यात एक खाचखळगा आहे आणि तो खास भारतातला आहे. बाजारातलं नाव विसरा, कोडनेम पाठ करा. तुमच्या नोट ५ प्रोचं कोडनेम ‘व्हायरेड’ (whyred). भारतात ‘रेडमी नोट ५’ या नावाने विकला गेलेला फोन वेगळा, त्याचं कोडनेम ‘विन्स’ (vince) आणि त्यात स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर. पण भारताबाहेर ज्याला ‘रेडमी नोट ५’ म्हणतात तो म्हणजे तुमचाच व्हायरेड, स्नॅपड्रॅगन ६३६ वाला! म्हणजे परदेशी पानावर ‘रेडमी नोट ५ साठी’ असं लिहिलेली फाइल तुमच्यासाठी असते, आणि भारतीय चॅनलवर तेच शब्द लिहिलेली फाइल बहुधा नसते. बॉक्सवरच्या नावावर विसंबून इथे फाइल उतरवायची नाही. फोन कॉम्प्युटरला जोडा, फास्टबूट मोडमध्ये (कॉम्प्युटरवरून आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत) न्या आणि ‘गेटव्हार प्रॉडक्ट’ (fastboot getvar product) ही आज्ञा द्या. फोन स्वतःच आपलं कोडनेम सांगतो. उतरवलेल्या झिप फाइलच्या नावात तोच शब्द आहे की नाही, हे अक्षर न् अक्षर ताडून बघा.

त्याच बैठकीत ‘गेटव्हार अँटी’ (fastboot getvar anti) ही आज्ञाही देऊन टाका. ‘अँटी’ म्हणजे अँटी-रोलबॅक, फोनच्या जुन्या मूळ सॉफ्टवेअरवर (फर्मवेअरवर) परत जाऊ न देणारं कुलूप. शाओमीने २०१८ मध्ये व्हायरेडवर ते आणलं आणि त्या वर्षी ते माहीत नसल्यामुळे कितीतरी लोकांचे फोन विटेसारखे कायमचे निकामी झाले. उत्तरात ४ आकडा आला, तर त्याहून कमी आकड्याचं जुनं मीयूआय (शाओमीचं स्वतःचं अँड्रॉइड) फास्टबूटमधून चढवायचं नाही, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. हा आकडा वहीत लिहून ठेवा.

‘रूट केलेल्या फोनसाठी रॉम’ अशी शोधाशोध करू नका. रूट आणि रॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉम बदलायला रूट लागतच नाही, लागतो तो उघडलेला बूटलोडर (फोन सुरू होताना कोणती सिस्टिम चालू द्यायची हे ठरवणारं कुलूप) आणि बहुतेक वेळा टीडब्ल्यूआरपीसारखी कस्टम रिकव्हरी, म्हणजे रॉम टाकण्यासाठीचा वेगळा पडदा. मावसभावाने मॅजिस्क हे साधन वापरून रूट केलं असेल तर बूटलोडर उघडलेलाच आहे आणि कस्टम रिकव्हरीही बहुधा आहे, म्हणजे तुमचं निम्मं काम झालंय. नवा रॉम टाकला की आधीचं रूट पुसलं जातं आणि ते चांगलंच आहे. लगेच परत रूट करू नका. काही आठवडे कोऱ्या रॉमवर काढा, म्हणजे बिघाड झालाच तर तो रॉमचा आहे की एखाद्या मॅजिस्क मॉड्यूलचा हे कळेल. मेंटेनरला बिघाड कळवताना त्याचा पहिला प्रश्नही हाच असतो. आणि मनापासून विचारा स्वतःला, रूट कशासाठी हवंय? जाहिराती अडवायला असेल, तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या डीएनएसचं नाव टाकलं की बरंचसं काम रूटशिवाय होतं.

रूट नसलं तरी पैशांच्या अ‍ॅपचा प्रश्न उरतोच, आणि नवख्यांना याची कल्पना आधी कोणी देत नाही. बूटलोडर उघडा असला की गूगलची ‘प्ले इंटेग्रिटी’ तपासणी ते ओळखू शकते. काही बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप चालतात, काही उघडतच नाहीत, आणि आज चालणारं उद्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. त्यावरचे तोडगे मिळतात, पण ते कायम टिकत नाहीत. हा तुमचा एकमेव फोन असेल आणि पगाराचं खातं, यूपीआय, ओटीपी सगळं याच्यावरच असेल, तर कळकळीने सांगतो, आधी दुसऱ्या साध्या फोनची सोय करा आणि बँकेचं सिम त्यात घाला. यूपीआय सिमला बांधलेलं असतं, त्यामुळे ही अदलाबदल एका संध्याकाळी होते. ती झाली की या फोनवर हवे ते प्रयोग मोकळ्या मनाने करता येतील.

दुसरं सिमबद्दलचंच. तुम्ही जिओ वापरत असाल तर रॉमच्या पानावर ‘व्होल्टी’ (VoLTE, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय) शब्द शोधा. जिओकडे २जी किंवा ३जीचं जाळंच नाही. त्यामुळे रॉममध्ये व्होल्टी बिघडलेलं असेल तर इंटरनेट झकास चालतं आणि फोन मात्र लागत नाही, येतही नाही. परदेशातला मेंटेनर असेल तर कदाचित त्याच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्याच्याकडे जुनं जाळं चालू असेल तर फोन त्यावरून लागतो. म्हणून भारतातल्या कोणी तरी ‘जिओवर कॉल चालू’ असं लिहिलेलं सापडेपर्यंत मी फाइल उतरवत नाही.

हे सापडतं कुठे? एक्सडीए (XDA) या अँड्रॉइडप्रेमींच्या चर्चास्थळावर प्रत्येक रॉमचा एक धागा असतो. सगळे त्याचं पहिलं पान वाचतात, जिथे चित्रं आणि फीचर्स असतात. तुम्ही शेवटची चार-पाच पानं वाचा. लोक काय विचारतायत आणि त्यांना उत्तर मिळतंय का? उदाहरण देतो. पहिल्या पानावर ‘काय चालत नाही’ या मथळ्याखाली कधीकधी फक्त एवढंच असतं: ‘यू टेल मी’, म्हणजे तुम्हीच सांगा. त्यातून काहीच कळत नाही. याउलट जिथे ‘ब्लूटूथवर कॉल घेतल्यास आवाज चिरका येतो, पुढच्या बिल्डमध्ये बघतो’ असं लिहिलेलं असतं, तो रॉम मी आधी निवडतो. दोष उघड सांगणारा माणूस फोन रोज वापरतो, हे त्यातून दिसतं. आणखी दोन गोष्टी बघा. कर्नलचा सोर्स कोड खुला ठेवला आहे का? लिनक्स कर्नलच्या जीपीएल परवान्यानुसार तो द्यावाच लागतो, आणि जो तो लपवतो त्याच्या हातात मी माझे फोटो आणि संदेश देणार नाही. दुसरं, ‘एसईलिनक्स’ पुढे ‘एन्फोर्सिंग’ लिहिलंय की ‘पर्मिसिव्ह’. पर्मिसिव्ह म्हणजे अँड्रॉइडची एक मोठी सुरक्षा भिंत मेंटेनरने पाडून ठेवली आहे. रोजच्या फोनसाठी तसला रॉम नको.

तुमच्या प्रश्नात ग्राफीनओएसचाही उल्लेख आहे. सुरक्षेच्या बाबतीत तो फार वरचा आहे, पण तो गूगल पिक्सेलसाठीच निघतो, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

रॉम ठरला की टाकायच्या आधी परतीची वाट बांधायची. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप तुम्ही घ्यालच. टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपमध्ये जाऊन ‘ईएफएस’ आणि, यादीत दिसत असेल तर, ‘पर्सिस्ट’ हे दोन छोटे भागही निवडा आणि ती फाइल कॉम्प्युटरवर किंवा ड्राइव्हवर ठेवा. आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती ईएफएसमध्ये असते, सेन्सरचं कॅलिब्रेशन पर्सिस्टमध्ये. ही माहिती प्रत्येक फोनची वेगळी असते, दुसऱ्याच्या फोनमधून घेऊन चालत नाही. ती गेली तर फोन चालू राहतो, पण सिम ओळखत नाही.

मग तुमच्या फोनचं अधिकृत मीयूआय, फास्टबूट प्रकारातलं, आधीच उतरवून ठेवा. अडचण आल्यावर उतरवू म्हणालात तर नेमकं तेव्हा नेट नसतं. ते परत चढवायला मीफ्लॅश नावाचं विंडोजवरचं साधन लागतं. त्याच्या खिडकीत खाली तीन पर्याय असतात आणि आपोआप निवडलेला असतो तो ‘क्लीन ऑल अँड लॉक’. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करायचाच. नाहीतर फोन साफ होतो आणि बूटलोडरही परत बंद होतो, आणि त्यावर चुकीच्या प्रदेशाचं मीयूआय असेल तर फोन सुरूच होत नाही. कस्टम रॉम चालू असताना तर बूटलोडर बंद करण्याचा विचारही करू नका.

प्रत्यक्ष टाकण्याचा क्रम रॉमच्या पानावर दिलेला असतो आणि तोच पाळायचा, पण नवखे जिथे अडकतात त्या जागा सांगतो. पानावर फर्मवेअरची विशिष्ट आवृत्ती मागितली असेल तर ती आधी. इथे फर्मवेअर म्हणजे मॉडेम वगैरेचा वेगळा संच, तो जुना राहिला तर नेटवर्क किंवा फिंगरप्रिंट रुसतं. मीयूआयवरून दुसऱ्या रॉमवर जाताना साधं ‘वाइप’ पुरत नाही. ‘फॉरमॅट डेटा’मध्ये जाऊन इंग्रजीत ‘येस’ टाइप करावं लागतं, कारण जुनं एन्क्रिप्शन तेव्हाच निघतं. यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून झिप फाइली मेमरी कार्डावर ठेवा. लिनिएजमध्ये प्ले स्टोअर नसतो. तो हवा असेल तर माइंडदगॅप्स हा गूगल अ‍ॅपचा (गॅप्सचा) संच, रॉमच्या अँड्रॉइड आवृत्तीला जुळणारा आणि ‘आर्म ६४’ प्रोसेसरचा, रॉमनंतर लगेच, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी टाकायचा. आधी फोन सुरू करून बघितला आणि मग गॅप्स टाकले, की प्ले सर्व्हिसेस सतत बंद पडत राहतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. लोगो फिरत राहिला म्हणून घाबरून बटण दाबू नका. पंधरा-वीस मिनिटांनंतरही तिथेच असेल तर रिकव्हरीत परत जा आणि पुन्हा ‘फॉरमॅट डेटा’ करा. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते.

कॅमेरा मीयूआयपेक्षा थोडा फिका वाटेल. त्यावर गूगल कॅमेऱ्याचं व्हायरेडसाठी जुळवलेलं पोर्ट टाका, रात्रीचे फोटो तर पूर्वीपेक्षा चांगले येतील. नेटफ्लिक्स एचडीमध्ये दिसलं नाही तर ते रॉममुळेच असेल असं नाही, त्यासाठी रॉम बदलत बसू नका. आणि पिन मात्र लांब ठेवा, कारण बूटलोडर उघडा असलेला फोन चोरीला गेला तर आतल्या माहितीचं रक्षण त्या पिनवरच आहे.

आज रात्री फक्त दोन कामं करा: कोडनेम आणि ‘अँटी’चा आकडा बघा, आणि लिनिएजच्या विकीवरचं व्हायरेडचं पान शेवटपर्यंत वाचा. कुठे अडलं तर तो आकडा, रिकव्हरीचं नाव आणि पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी खाली लिहा, मी बघतो.