सर्वेक्षणात करिअर करायचंय? आधी घरयादी, मग सॉफ्टवेअर

एम.ए. झाल्या झाल्या विश्लेषणाकडे धावू नका. एक हंगाम फील्डवर घरयादी करा, म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक घराची नोंद; मुलाखतीची घरं तिच्यातूनच निवडतात. नमुना (निवडलेल्या घरांचा संच) बिघडतो तो फील्डवरच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) दर क्लस्टरमागे, म्हणजे निवडलेल्या गाव किंवा शहरी वस्तीमागे, २२ घरं निवडायची होती. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेतलं, की दिवसभर कामावर जाणारी कुटुंबं आकडेवारीतून गळतात. संध्याकाळी पुन्हा जायचं, बदली घर नाही.

मग त्याच सर्वेक्षणाचा कच्चा डेटा घ्या. देशपातळीच्या आकड्यांसाठी महिलांच्या फाइलमधला व्ही००५ (v005) रकाना १० लाखांनी भागून वेट लावा, म्हणजे प्रत्येक उत्तराला लोकसंख्येतल्या वाट्याइतकं वजन द्या. क्लस्टर आणि स्तर (नमुना निवडताना केलेले गट) सॉफ्टवेअरला सांगायला विसरलात तर प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप, सहसा फसवी लहान येते. सर्वेक्षणाच्या छापील अहवालातला एक तक्ता स्वतः काढून दशांशापर्यंत जुळवा. नोकरीच्या मुलाखतीत तो प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याला भारी पडतो. एक्सेलवर भागणार नाही, आर (R) हे सांख्यिकी सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे.